मागच्या सीटचा पट्टा

रविवार, १ डिसेंबर २०२४
आरे-वारे, रत्नागिरीच्या पुढे

झीनत,

फोनवर मला ब्लॉक केलंस, ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र. मराठीत लिहितेय, कारण शाळेत एका बाकावर बसून आपण ज्या चिठ्ठ्या एकमेकींकडे सरकवायचो त्या मराठीतच असायच्या. शिवाय तुझं उर्दू माझ्यापेक्षा चांगलं. पत्र फाडायच्या आधी तू त्यातल्या चुका काढत बसशील.

बातमी अशी, की लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मुबीननं मला फिरायला आणलंय. समुद्राकाठच्या रस्त्यानं रत्नागिरीपासून वर मुरूडपर्यंत, आम्ही दोघंच. जो माणूस ईदच्या दुसऱ्या दिवशी लूम चालू करतो, तो अक्कलकोट रोडचं टॉवेलचं शेड आठवडाभर कामावरच्या धोंडीरामवर टाकून निघाला, याचाच मला आधी संशय यायला हवा होता. पण नवी गाडी, समोर समुद्र, आणि मी टॉवेलच्या कडा शिवून शिवून वाकलेली बाई. नाही कशाला म्हणू?

निघताना अम्मीनं दोघांच्या दंडाला इमाम जामीन बांधला. हिरव्या कापडात नाणं, दंडावर गाठ, आणि दर वेळचं तेच बजावणं, की पोचल्यावर सोडायचा आणि नाणं गरजूला द्यायचं. मुबीनला मस्करी सुचली. म्हणाला, आम्ही रोज पुढच्या गावाला जाणार, मग पोचलो असं कधी म्हणायचं? अम्मी हसली नाही. "पोंचे बगैर खोलना नक्को," एवढं म्हणाली आणि आत गेली. आतिफचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या घरात हल्ली असंच असतं. त्याचं नाव न घेता सगळे त्याच्याचबद्दल गप्प बसतात.

तुला वाटेल, भावाला विसरून ही समुद्रावर मजा मारतेय. वाटू दे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो आमचे टॉवेल टेम्पोत भरून याच किनाऱ्याच्या लॉजांना द्यायला आला, आणि टेम्पो तेवढा खाडीत सापडला. आम्ही महिनाभर वाट बघितली. मग मय्यत समोर नसताना नमाज पढवली, जेवण घातलं. तू विधवेच्या इद्दतला बसली नाहीस. पोचल्याचा त्याचा फोन आलेला नाही, मग मेला कसा, असं सगळ्या बायकांसमोर विचारून बॅग उचललीस आणि वैरागला बापाच्या गावच्या घरी गेलीस. मी तुला जिद्दी म्हणाले. तू मला भावाला पुरून मोकळी झालेली म्हणालीस. जिद्दी तर तू आहेसच.

तुझ्या अब्बांचा, मकदूम चाचांचा, अम्मीला फोन आला होता. बार्शीच्या त्या शाळेतल्या क्लार्कचं स्थळ तू परतवलंस म्हणे. माणूस चांगला, आई समजूतदार, पहिली बायको आजारात गेलेली. चाचांनी कारण विचारलं तर तू तेच सांगितलंस, की तो पोचल्याचा निरोप आलेला नाही. चाचा फोनवर रडले, झीनत. म्हाताऱ्या माणसाला रडवण्याइतकी जिद्द बरी नाही.

असो. समुद्राचं सांगते. रस्ता डोंगराच्या कडेनं जातो, खाली एकीकडे पांढरी वाळू, दुसरीकडेही तशीच, आणि वाऱ्यानं गाडीचं दार उघडत नाही. तू असतीस तर पहिल्या वळणालाच ओकली असतीस. आपल्या शाळेच्या रिक्षात आतिफ कसा तुला बघितलं की न सांगता आत सरकायचा, खिडकीकडची जागा तुला द्यायला, ते आठवलं. आपण तेव्हा सातवीत होतो आणि तो दहावीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा फक्त ओकारीसाठी सरकत नाही.

लॉज साधं आहे. खोलीत तीन टॉवेल ठेवलेले, आपल्याच शेडचे, निळ्या काठाचे. मी लॉजवाल्या काकूंना म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. त्यांनी खिडकीतून आमच्या गाडीकडे बघितलं. म्हणाल्या, मागे बसलेत ते वेगळे राहतात का? मी म्हटलं, मागे बॅग आहे. त्या बरं म्हणाल्या, पण तिसरा टॉवेल उचलला नाही.

बॅगेवरून आठवलं. ही नवी गाडी भलती शिस्तीची आहे. मागच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की टुणटुण करत बसते. रत्नागिरी सोडून एक छोटा पूल ओलांडला तेव्हापासून तिनं डोकं उठवलंय. मुबीन म्हणाला, बॅगेचं वजन आहे. उद्या बॅग डिकीत टाकते.

समरा

सोमवार, २ डिसेंबर
वेळणेश्वर

झीनत,

कालचं पत्र तुला अजून मिळालेलंही नसेल, आणि हे दुसरं. तुला सांगायचं नाही असं मुबीननं बजावलंय. मी लपवून लिहितेय.

सकाळी बॅग डिकीत टाकली. सीट रिकामी. निघालो तर पुन्हा टुणटुण. समोर स्पीडच्या काट्यांच्या शेजारी मागच्या सीटांची चित्रं असतात, त्यातलं डावीकडचं लाल. मी उतरून सीटवर हात फिरवला, झटकलं, काही नाही. मुबीन म्हणाला, नव्या गाड्यांत असले दोष असतात, सोलापूरला दाखवू. पण तो आवाज ऐकत जाणं म्हणजे डोक्यात कुणी नाणं वाजवतंय असं व्हायला लागलं. शेवटी जयगडच्या अलीकडे मी पुन्हा उतरले आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खट्कन लावून टाकला. लाल चित्र हिरवं झालं, गाडी गप्प झाली.

जयगडहून पलीकडे जायला मोठी सपाट बोट आहे, गाडीच तिच्यावर चढवतात. तिकीट देणाऱ्यानं गाडीचं एक आणि माणसांची तीन तिकिटं फाडली. मी तोंड उघडायच्या आत मुबीननं पैसे दिले. कोथिंबिरीची एक जुडी घेतानाही ती बदलून मागणारा माझा नवरा, जास्तीच्या माणसाचे पैसे मुकाट देतो. तिथं मला कळलं, की याला काहीतरी माहीत आहे.

बोट मधे गेल्यावर विचारलं. त्यानं आधी तिकिटं खिशात टाकली. मग म्हणाला, दिवाळीनंतर दोन लॉजांतून फोन आले. दोन्हीकडे मॅनेजर नवे, आतिफचं काही त्यांना माहीत नाही. दोघंही एकच म्हणाले, की तुमचा ड्रायव्हर येऊन गेला, दंडाला हिरवी पट्टी होती, आता माल कधी येणार? मुबीननं आठवडाभर पोटात ठेवलं. मग ही सहल काढली.

"जिंदा है वो," मला म्हणाला. "छुप को बैठा है. मिल्या तो टांगां तोडतूं." झीनत, टेम्पो त्यानंच पाठवला होता ना. गेली दोन वर्षं हा माणूस शेडमध्ये त्याच्या सायकलीला हात लावू देत नाही कुणाला, आणि म्हणे तंगड्या तोडतो.

मला राग आला, आणि रागाच्या खालून इतका आनंद वर यायला लागला, की मी कठडा धरला. जिवंत असेल तर कुणाशी भांडून असेल, कुणाला घाबरून असेल, वेडा झाला असेल, काहीही असू दे. मी त्याला दोन थोबाडीत देईन आणि वैरागला आणून तुझ्यासमोर उभा करीन. तू म्हणशील, मी सांगत होते. म्हण. आयुष्यभर ऐकून घेईन.

आता मुबीननं कबूल केलं, की त्या फोनवाल्या दोन्ही लॉजांत आपण थांबणार आहोत. शिवाय तो छोटा पूल, जिथून गाडी वाजायला लागली, तो तोच. त्याच्याच खाली टेम्पो सापडला होता. मुबीनला ठाऊक होतं, मला नव्हतं.

हे मी लिहिलं खरं, पण लिहिल्यावर मला आवडलं नाही. जिवंत माणसाचा आणि गाडी वाजण्याचा संबंध काय? वेळणेश्वरला उतरलो तेव्हा मागचा पट्टा सुटलेला होता. मुबीन म्हणतो, मी नीट लावला नसेन. मी कडा शिवणारी बाई आहे, झीनत. मला खट् असा आवाज कळतो.

समरा

मंगळवार, ३ डिसेंबर
हर्णै

झीनत,

आज काय झालं ते सरळ सांगते. तू हे पत्र आधी बसून मग वाच.

ज्या दोन लॉजांतून फोन आले त्यांतलं एक वाटेतच होतं. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, ड्रायव्हर आला, माल कुठं उतरवू विचारलं, मी पावती आणायला आत गेलो, बाहेर येतो तर माणूस नाही आणि टेम्पोही नाही. टेम्पो आला तेव्हा होता का, हे मात्र त्याला आठवेना. मुबीननं त्याला फोनमधला आतिफचा फोटो दाखवला. हाच, म्हणाला. मुबीननं त्याचे दोन्ही हात धरले. आम्ही आनंदानं निघालो, झीनत. मी गाडीत बसल्यावर मागचा पट्टा स्वतः लावला आणि लावताना हसलेसुद्धा.

दाभोळची बोट ओलांडून वर आलो की चढावर एक चहाची टपरी आहे. एक म्हातारी चालवते. मुबीननं तिलाही फोटो दाखवला. तिनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि फोन परत देताना आमच्या गाडीकडे एकदा बघून घेतलं. हा मे महिन्यात आला होता, म्हणाली. मे महिन्याचं कडक ऊन, आणि हा नखशिखांत भिजलेला. तिनं बसायला सांगितलं तर बसला नाही, फळी ओली होईल म्हणाला.

रस्ता इथंच संपतो का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, छे, रस्ता अजून खूप पुढं जातो, पुढं आणखी बोटी आहेत. हे ऐकून त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं दंड पुढं केला. त्याचे शब्द तिला जसेच्या तसे आठवत होते, तिनं त्याच सुरात सांगितले, आणि मला आपल्या गल्लीतला त्याचा आवाज ऐकू आला.

"मावशी, येवढी गाठ सोडता का? माजी मला सुटंना की."

म्हातारीनं सोडून बघितली. कापड भिजून आवळलं होतं, नखं शिरेनात. तिनं विळी घेतली, म्हणाली कापून टाकते. तर त्यानं हात मागं ओढला. "नको, नको. जिनं बांधली तिला लई राग यील. तिनंच सोडायची हाय." आणि वर चढून गेला. ती आम्हाला म्हणाली, मी त्या दंडाला हात लावला होता बाय. माशाच्या टोपलीत हात घातल्यावर लागतं तसं लागलं. त्या दिवसापासून मी संध्याकाळचं टपरीवर थांबत नाही.

मुबीन तिथं रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडावर रुमाल घेऊन रडला. मी रडले नाही. मला तुझे दात आठवत होते.

आठवतं का तुला? तो निघाला तेव्हा तू आमच्या उंबऱ्यात त्याला इमाम जामीन बांधलास. तो हसत होता, हात हलवत होता, म्हणून तू गाठ दातांनी आवळलीस. अम्मी म्हणाली, रत्नागिरीला पोचलास की सोड. तू म्हणालीस, नाही, हा रत्नागिरीला सोडायचा नाही, मी बांधलाय तर मीच सोडणार, घरी माझ्यासमोर येऊन उभा राहिलास की पोचलास. त्यानं कानाला हात लावले. मी तुला चिडवलं, की ही कुत्र्याला बांधते तसं नवऱ्याला बांधतेय. आपण सगळे हसलो. अम्मी तेव्हाही हसली नव्हती.

पोचल्याशिवाय सोडायचं नाही असा आपला नियम, आणि पोचणं म्हणजे काय ते तू ठरवून दिलंस. तो तुझ्या शब्दाला किती जपायचा तुला माहीत आहे. तू मीठ कमी खा म्हणालीस, तर अम्मीनं वाढलेल्या ताटातही तो वरून मीठ घ्यायचा नाही.

तो जिवंत नाही, झीनत. आमची नमाज बरोबर होती. आणि तो पोचलेला नाही हे तुझंही बरोबर होतं. मला हे दोन्ही एका कागदावर लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

समरा

गुरुवार, ५ डिसेंबर
बागमांडला

झीनत,

मुरूडला जायचं राहिलं. आता माघारी फिरणार.

काल दिवसभर हर्णैच्या खोलीत बसून होतो. दुसऱ्या फोनवाल्या लॉजला गेलोच नाही, काय करायचंय जाऊन? मुबीनचं म्हणणं, त्या पुलावर जाऊन त्याच्या नावानं फातिहा पढू आणि घरी जाऊ. मी अम्मीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, गाडीसकट. मला वाटलं ती ओरडेल, किंवा मला ताप आलाय का विचारेल. मागं कुकर वाजत होता. मग म्हणाली, "जिने बांधी, उसीच के पास लेको जाव. रस्ते में उतारना नक्को." आणि त्यानं काही खाल्लं का, असं विचारलं. मग तिलाच ते ऐकू आलं आणि तिनं फोन ठेवला.

आज शेवटची बोट ओलांडली. तिकीटवाल्यानं पुन्हा तीन फाडली. या वेळी मीच पैसे दिले आणि तिसरं तिकीट मागच्या सीटवर ठेवलं. पलीकडे उतरेपर्यंत ते ओलं होऊन सीटला चिकटलं होतं.

मला भीती वाटते का, विचारशील. वाटते. इतकी वाटते की मी पदर मानेभोवती गुंडाळून बसते. मुबीननं मधला आरसा छताकडे फिरवून ठेवलाय, मागच्या गाड्या बाजूच्या आरशात बघून चालवतो. डिझेलचा आणि आतिफच्या त्या आवळ्याच्या तेलाचा वास मधेच येतो आणि जातो. खिडक्या बंद असल्या की आतल्या काचेवर डावीकडेच वाफ धरते. आम्ही चहाला उतरलो की पट्टा सुटलेला असतो, आणि परत निघताना मी लावला की गाडी गप्प होते. तो उतरतो का आमच्याबरोबर? टपरीवर आमच्यामागे उभा असतो का? मी मागं वळून बघत नाही. मुबीन चहा मात्र तीन सांगतो.

पण तुझ्यापाशी खरं सांगते. भीतीबरोबर दुसरंही काही आहे. सकाळी बोटीची वाट बघताना मुबीन खाली उतरला होता, आणि मी आतिफशी बोलले. पुढं बघत बोलले. अम्मीच्या गुडघ्याचं सांगितलं, धोंडीरामच्या मुलीचं, तुझं सांगितलं. बार्शीच्या स्थळाचं सांगितलं. ते ऐकल्यावर पट्टा एकदा ताणल्याचा आवाज आला. मला वाटलं तो खिडकीतून बाहेर बघत असावा. दोन वर्षांत मला माझ्या भावाशी बोलायला मिळालं नव्हतं, झीनत. हा रस्ता संपूच नये असं एकदा मनात आलं. मग मी स्वतःला चिमटा काढला. आपण त्याला घेऊन फिरत राहिलो तर तोही फिरतच राहील. तू वैरागच्या ओट्यावर बसून म्हातारी होशील आणि तो ओल्या शर्टानं टपरीटपरीवर दंड पुढं करत फिरेल. हे मला मान्य नाही. तुझं सुटणं आणि त्याचं सुटणं एकाच गाठीत आहे.

ताम्हिणीनं पुण्याला जाऊन पुढं सोलापूर रस्ता धरतो. मोहोळला डावीकडे वळलं की वैराग. हे पत्र टाकत नाही, बरोबरच आणते. आधीच्या तीन पत्रांतलं किती तुला मिळालंय माहीत नाही, पण मिळालं असेल तर दार बंद करू नकोस.

समरा

शनिवार, ७ डिसेंबर, दुपार
वैराग, तुमच्या दारासमोर, गाडीत

झीनत,

हे मुबीनच्या हातून मकदूम चाचांकडे पाठवतेय, बागमांडल्याच्या कागदांसकट. चाचांनी मला ओट्यावरून बघितलंय. ते हसले, आणि मग त्यांची नजर माझ्या मागं गेली, आणि ते उठून आत गेले. म्हणजे त्यांनाही दिसलं असावं काहीतरी. तू वरच्या खिडकीत आहेस, पडदा हलला. तुला माझी पत्रं मिळाली आहेत, नाहीतर तू एव्हाना पडदा ओढून घेतला असतास.

मी गाडीतून उतरत नाही. त्याला एकटं टाकून उतरायचं धाडस होत नाही. अजून एवढंसंच राहिलंय, नीट ऐक.

काल पुण्याला मुबीनच्या चुलत्याकडे मुक्काम केला. सकाळी निघालो, आणि इंदापूरपर्यंत सगळं तसंच होतं. डावीकडचं चित्र हिरवं, पट्टा लावलेला. मोहोळला वळल्यावर वास वाढला. ज्वारीच्या रानातून येताना मला त्याचं गुणगुणणं ऐकू आलं असं वाटलं, दातात काडी धरून गुणगुणायचा ना तो, तसं. मुबीनलाही आलं असणार, कारण त्यानं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. आतिफ खूश होता, झीनत. मी खोटं सांगत नाही. घरी येतोय याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद मला पाठीला कळत होता.

मुबीननं गाडी तुमच्या दाराशी लावली, डावी बाजू तुमच्याकडे करून. ब्रेक दाबला आणि मागं खट् झालं. पट्टा सुटला. डावीकडचं चित्र विझलं. मला वाटलं, उतरला, संपलं, आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले. तेवढ्यात टुणटुण सुरू झाली.

आता उजवीकडचं चित्र लाल आहे.

तो उतरलेला नाही. तो आत सरकलाय. रिक्षात सरकायचा तसा, तुला बघितलं की. डावीकडची सीट ओली आहे, पण रिकामी आहे, आणि तिथल्या खिडकीची काच आतून कुणीतरी पुसल्यासारखी स्वच्छ झालीय. खिडकीकडची जागा त्यानं तुझ्यासाठी सोडली आहे.

तुझ्या मनात आत्ता काय चाललंय ते मला माहीत आहे, कारण मी तुला सातवीपासून ओळखते. दोन वर्षं तू म्हणत होतीस तो येईल, आणि तो आलाय. तुझ्या एका शब्दासाठी सगळा किनारा भिजत फिरून आलाय. अशा माणसाच्या शेजारी बसायला कुणाला आवडणार नाही? मी बहीण असून मला तो रस्ता संपू नये असं वाटलं होतं. पण तो रस्ता कुठंच पोचत नाही, झीनत. मी त्यावरून जाऊन आलेय.

तेव्हा खाली ये. दुपट्टा डोक्यावर घे, चप्पल नको घालू, पाय जमिनीला लागू देत. डावीकडचं दार तू उघड, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. उभ्या उभ्याच आत हात घाल. गार लागेल, घाबरू नकोस. दंड तोच पुढं करील. गाठ नखांनी सुटली नाही तर ज्या दातांनी आवळलीस त्याच दातांनी सोड, आणि मोठ्यानं म्हण, की पोचलास. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला ते पटणार नाही. नाणं माझ्या हातात दे, बाहेर रस्त्यावर ज्याला द्यायचं त्याला मी देते.

तो तुला बस म्हणेल. लाडानं म्हणेल, नाव घेऊन म्हणेल, जागा थोपटेल. एक पाय जरी आत ठेवलास तर मुबीननं कितीही ब्रेक दाबला तरी ही गाडी इथं थांबायची नाही, असं मला आतून वाटतंय.

मी पुढच्या सीटवरून वळून तुझा दुसरा हात धरून ठेवते. माझा इमाम जामीन अजून दंडावर आहे, मीही अजून पोचलेली नाही.

ये. पण बसू नकोस.

समरा